पटलावरील अक्षर स्थिर कसे राहते? : दर्शक पटलांच्या चालक परिपथांचा एक अभ्यास

खानदेशात कापसाने भरलेले वाहन वजनकाट्यावर उभे राहते, तेव्हा शेतकऱ्याची नजर काट्याच्या तांबड्या आकड्यांवर खिळलेली असते. वर्षभराच्या कष्टांचा हिशेब त्या चार-पाच आकड्यांत उमटणार असतो. हे आकडे इंग्रजी वळणाचे असतात आणि प्रत्येक आकडा सात प्रकाशरेषांच्या जुळणीतून तयार होतो. आठाच्या आकड्यातील मधली आडवी रेषा विझली, तर तेथे शून्य दिसते. उजवीकडची वरची उभी रेषा विझली, तर सहा दिसतो. साताच्या माथ्यावरील रेषा गेली, की एक उरतो. काट्याच्या पोटातील मोजमाप अचूक असते, तरी वाचणाऱ्याच्या पदरी चुकीची संख्या पडते. आजाऱ्याच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर अठ्ठ्याण्णवाच्या जागी नव्वद दिसले, तर एका रेषेपायी घरादाराची झोप उडते.

आज माहिती आपल्यापर्यंत येते ती बहुतेक वेळा अशा पटलावरून. रेल्वेच्या फलाटावरील डब्यांचे क्रमांक, बँकेतील टोकनचा आकडा, रुग्णालयातील मॉनिटर, शाळेतील डिजिटल फळा, घरातील टीव्ही आणि हातातील मोबाइल ही सर्व एकाच कुळातील यंत्रे होत. त्यांच्या काचेमागे एक न दिसणारा कारभारी सतत राबत असतो. कोणत्या ठिपक्याला केव्हा, किती आणि किती वेळ वीज द्यायची, हे तो ठरवतो. त्यालाच चालक परिपथ किंवा ड्रायव्हर सर्किट म्हणतात. पटल लुकलुकते, मंद होते, रंग बदलते किंवा काळे पडते, तेव्हा दोष पुष्कळदा काचेत नसतो. या कारभाऱ्याचा तोल गेलेला असतो.

हा तोल कशाने जातो आणि कशाने सावरता येतो, हे विज्ञान शिक्षक या नात्याने आम्ही येथे मांडत आहोत. शालेय पाठ्यपुस्तकातील ओहमचा नियम ज्याला आठवतो, त्याला हा लेख समजण्यास अडचण पडू नये. ज्या पालकांनी तो नियम कधी शिकला नसेल, त्यांनी आकडे सोडून पुढे वाचले तरी चालेल.

१. पाटकरी आणि चालक परिपथ

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या आधाराने चालणारी फड पद्धती आपल्याकडील जाणत्यांना ठाऊक आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि पाटकरी पाळीपाळीने एकेका शेताला पाणी सोडतो. सर्व शेतांना एकाच वेळी पाणी मिळत नाही, तरी पाळी ठरलेली असल्याने सर्व शेते भिजतात. पाणी फार सोडले तर बांध फुटतो, कमी सोडले तर शेवटचे शेत कोरडे राहते.

दर्शक पटलाचा कारभार असाच चालतो. फलाटावर किंवा दुकानावर दिसणाऱ्या तांबड्या अक्षरांच्या पाट्या पुष्कळदा पी-टेन नावाच्या तुकड्यांच्या बनलेल्या असतात. दोन ठिपक्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर, एका तुकड्यात ३२ स्तंभ आणि १६ ओळी, म्हणजे एकूण ५१२ ठिपके, अशी तिची रचना असते. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र तार दिली, तर तारांचे जाळे आवरणार नाही. म्हणून ओळींचे गट करतात आणि एका गटाला उजळून क्षणात दुसऱ्याकडे वळतात. हे चक्र इतक्या वेगाने फिरते की डोळ्याला सर्व अक्षर एकसंध दिसते. याला क्रमवीक्षण किंवा स्कॅनिंग म्हणतात.

येथून पुढचे सर्व विवेचन तीन प्रश्नांभोवती आहे: पाणी किती सोडायचे, पाट वाटेत किती मुरवतो, आणि पाळी वेळेवर बदलते का.

२. पहिला प्रश्न : वीज किती द्यावी?

निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्याला दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. निळ्या एलईडीसाठी जगाला आणखी तीन दशके थांबावे लागले, आणि त्या कामासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या एलईडीला साधारण २ व्होल्ट, तर निळ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात.

एलईडीचा स्वभाव जुन्या दिव्यापेक्षा वेगळा आहे. तारेच्या दिव्याला दाब थोडा वाढवून दिला, तर प्रवाह थोडा वाढतो. एलईडीला मात्र आपल्या मर्यादेपलीकडे दाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. त्यात भर म्हणजे तो तापला, की त्याला लागणारा दाब प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. म्हणजे दाब तोच ठेवला, तर तापलेला एलईडी अधिक प्रवाह ओढतो, त्याने आणखी तापतो आणि आणखी ओढतो. या चढत्या चक्रातच त्याचा अंत असतो.

यावरील सर्वांत साधा उपाय म्हणजे एलईडीच्या मालिकेत एक रोध जोडणे. पण रोध जोडला म्हणजे काम झाले असे नाही. दोन उदाहरणे पाहू.

पहिल्या परिपथात पुरवठा ५ व्होल्टचा आहे. तांबड्या एलईडीवर २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट रोधावर पडतात. रोध १५० ओहमचा असेल, तर प्रवाह २० मिलिअँपिअर येतो. आता पुरवठा अर्ध्या व्होल्टने वाढला. रोधावर ३.५ व्होल्ट आले, प्रवाह सुमारे २३ मिलिअँपिअर झाला. फरक डोळ्याला जेमतेम जाणवेल.

दुसऱ्या परिपथात पुरवठा ३ व्होल्टचा आहे. एलईडीवर तेच २ व्होल्ट, रोधावर १ व्होल्ट. तोच २० मिलिअँपिअर प्रवाह हवा म्हणून रोध ५० ओहमचा घेतला. पुरवठा तसाच अर्ध्या व्होल्टने वाढला. आता रोधावर १.५ व्होल्ट आले आणि प्रवाह ३० मिलिअँपिअर झाला, म्हणजे दीडपट.

दोन्ही परिपथ सुरुवातीला सारखेच उजळ होते. फरक आहे तो सैलपणाचा. पहिल्यात दाब सामावून घेण्यास रोधाजवळ जागा होती, दुसऱ्यात ती नव्हती. स्थिर परिपथ रचताना हा पहिला धडा लक्षात ठेवावा: काठोकाठ भरलेले भांडे थोड्या धक्क्यानेही सांडते.

अर्थात रोधावर अधिक दाब ठेवणे म्हणजे तेथे वीज उष्णतेत घालवणे होय. म्हणून चांगल्या पटलांत स्थिर प्रवाह देणारे चालक वापरतात. या चिपमध्ये ट्रान्झिस्टरांची अशी रचना असते की ती वाहणारा प्रवाह स्वतः मोजते, ठरवलेल्या मूल्याशी ताडून पाहते आणि कमी-जास्त झाल्यास दुरुस्त करते. यालाच प्रतिपोषण किंवा फीडबॅक म्हणतात. एका चिपमध्ये बहुधा सोळा वाटा असतात आणि बाहेर जोडलेल्या एकाच रोधाने त्या सर्वांचा प्रवाह ठरतो. पुरवठा ४.६ व्होल्ट असो वा ५.२, तांबड्या ठिपक्याला त्याचा वाटा तेवढाच मिळतो. साध्या रोधाची पाटी आणि स्थिर प्रवाहाची पाटी नवी असताना सारखीच दिसते. दोन उन्हाळे गेल्यावर फरक उमगतो.

उजेड कमी करायचा असेल, तेव्हाही प्रवाह घटवण्यापेक्षा तो क्षणभर चालू, क्षणभर बंद ठेवून सरासरी उजेड कमी करणे चांगले. चालू-बंदचे प्रमाण घड्याळाच्या ठोक्याने ठरत असल्यामुळे ते तापमानाने बदलत नाही आणि रंगही ढळत नाही.

३. दुसरा प्रश्न : पाट किती मुरवतो?

मोठ्या पाटीचा उजवा भाग मंद आणि डावा भाग लख्ख दिसतो, हे दृश्य सर्वांनी पाहिले असेल. लोक म्हणतात, पाटी जुनी झाली. बहुतेक वेळा दोष तारेचा असतो.

तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध एका मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. हा आकडा नगण्य वाटतो. पण पुरवठ्यापासून पाटीच्या टोकापर्यंत २ मीटर अंतर धरले, तर जाण्याची व येण्याची मिळून तार ४ मीटर झाली. तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम. पाटी ८ अँपिअर ओढत असेल, तर तारेतच ०.५५ व्होल्ट खर्च होतात. पुरवठ्याने ५ व्होल्ट सोडले, टोकाला पोहोचले ४.४५. शेपटाकडच्या शेताची गत तीच झाली.

हीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट केवळ ०.१४ व्होल्ट राहते. याहून चांगला उपाय म्हणजे दोन्ही टोकांकडून पुरवठा देणे, किंवा प्रत्येक दोन-तीन तुकड्यांमागे मुख्य तारेतून स्वतंत्र जोड काढणे. एका तुकड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करणे स्वस्त पडते, पण पहिल्या जोडावर सर्वांचा भार येतो, तो तापतो, सैल होतो आणि मग पाटी लुकलुकू लागते.

येणाऱ्या तारेइतकेच महत्त्व परतीच्या तारेला, म्हणजे ग्राउंडला आहे. चालक चिपला संदेश येतो तो ग्राउंडच्या तुलनेत. जड प्रवाहामुळे ग्राउंडची पातळीच वरखाली झाली, तर चिपला ‘शून्य’ आणि ‘एक’ यांत भेद करता येत नाही, आणि पाटीवर भलतीच अक्षरे उमटतात. म्हणून जड प्रवाहाची परतीची वाट आणि संदेशाची परतीची वाट शक्य तितकी वेगळी ठेवून एकाच ठिकाणी जोडावी.

क्षणिक मागणीसाठी मात्र जाड तारही पुरेशी ठरत नाही. ओळ बदलते त्या क्षणी शेकडो ठिपके एकदम वीज मागतात, आणि दूरच्या पुरवठ्याकडून ती येईपर्यंत दाब कोसळतो. म्हणून प्रत्येक चिपच्या अगदी पायाशी एक छोटा कपॅसिटर जोडतात. घरातील माठासारखे त्याचे काम असते: नळाला पाणी येईपर्यंत तहान भागते. हा कपॅसिटर चिपपासून बोटभर लांब बसवला, तरी त्याचा अर्धा उपयोग गेला असे समजावे.

४. तिसरा प्रश्न : पाळी वेळेवर बदलते का?

पाटीवर ‘अमळनेर’ उजळले आहे आणि त्याच्या खालच्या ओळीत त्याच अक्षरांची फिकट सावली दिसते आहे, असा दोष पुष्कळदा आढळतो. एका ओळीची पाळी संपून दुसरीची सुरू झाली, तरी पहिल्या ओळीच्या तारेत थोडा विद्युतभार शिल्लक राहतो आणि तो चुकीच्या ठिपक्यांतून वाहून जातो. पाटकऱ्याने पहिली चारी पुरती न बांधता दुसरी फोडल्यासारखे हे आहे.

उपाय साधा आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये काही क्षण सर्व ठिपके बंद ठेवावेत आणि शिल्लक भार वाहून जाण्यास वाट द्यावी. नव्या चालक चिपमध्ये ही सोय आतच असते. तसेच पाळ्यांचे पूर्ण चक्र सेकंदाला पन्नास वेळांपेक्षा कमी फिरले, तर डोळ्याला लुकलुक जाणवते. चक्र बरेच वेगवान असले, तरच मोबाइलच्या छायाचित्रात काळे पट्टे दिसत नाहीत.

५. एलसीडी : थोड्या फरकावर उभा असलेला डोलारा

एलसीडी पटल स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या दिव्याचा प्रकाश अडवणे किंवा सोडणे, एवढेच काम त्यातील द्रव-स्फटिक करतात. या पदार्थाचे विलक्षण वर्तन फ्रीडरिख रायनित्झर यांनी १८८८ मध्ये प्रथम नोंदवले. आपल्या देशाचाही या विषयात मोलाचा वाटा आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनणारे द्रव-स्फटिक शोधले.

एलसीडीच्या चालकाला दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, द्रव-स्फटिकाला एकाच दिशेचा दाब सतत देता येत नाही. तसे केल्यास त्यात रासायनिक बिघाड होऊन पटलावर कायमचा डाग राहतो. म्हणून प्रत्येक चित्रागणिक दाबाची दिशा उलटवतात. ही उलटापालट ज्या मध्यपातळीभोवती होते ती थोडी जरी सरकली, तर एक चित्र अधिक उजळ आणि पुढचे कमी उजळ होते, आणि पडदा थरथरतो.

दुसरे पथ्य अधिक कठीण आहे. ओळी पाळीने चालवायच्या, तर उजळ ठिपक्यावरील आणि विझलेल्या ठिपक्यावरील दाबात फार फरक ठेवताच येत नाही. आल्ट आणि प्लेश्को यांनी १९७४ मध्ये ही मर्यादा गणिताने दाखवून दिली. ओळी १६ असतील, तर हे प्रमाण फार तर १.२९ पट, १०० असतील तर १.११ पट, २४० असतील तर अवघे १.०७ पट. म्हणजे शंभर ओळींच्या पटलात ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतील अंतर सुमारे दहा टक्के. पुरवठा चार-पाच टक्क्यांनी ढळला, तर अर्धे अंतर तेथेच संपले. त्यातच हवा तापली, की द्रव-स्फटिकाला जागे करणारा दाब कमी होतो, आणि उन्हाळ्यात जुन्या उपकरणाचा पडदा सगळाच काळवंडतो. म्हणून अशा परिपथात तापमान मोजून दाब आपोआप कमी करणारी योजना ठेवावी लागते.

रामन संशोधन संस्थेतीलच टी. एन. रुक्मांगदन यांनी या अडचणीवर वेगळी वाट काढली. एका वेळी एकच ओळ चालवण्याऐवजी अनेक ओळी एकदम, ठरावीक गणिती नमुन्याने चालवण्याची पद्धत त्यांनी १९८८ मध्ये मांडली. त्यामुळे चालकाला लागणारा पुरवठ्याचा दाब कमी होतो. काच तीच, द्रव तोच. केवळ वीज देण्याची पद्धत बदलली आणि पटल सुधारले. चालक परिपथाचे महत्त्व सांगण्यास याहून चांगले भारतीय उदाहरण आम्हास सापडत नाही.

आजच्या टीव्हीत आणि डिजिटल फळ्यात प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा सूक्ष्म ट्रान्झिस्टर व कपॅसिटर असतो. १०८० ओळींचे पटल सेकंदाला ६० वेळा रंगवायचे, तर एका ओळीच्या वाट्याला सुमारे १५ मायक्रोसेकंद येतात. तेवढ्यात दिलेला दाब पुढची पाळी येईपर्यंत कपॅसिटर सांभाळून ठेवतो. त्यामुळे वर सांगितलेली दहा टक्क्यांची ओढाताण उरत नाही.

६. ओलेड : झीज मोजून भरपाई

महाग मोबाइलमध्ये आता ओलेड पटल असते. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये त्याचा पाया घातला. येथे प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो आणि त्याचा प्रवाह एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर ठरवतो. हा ट्रान्झिस्टर ज्या दाबाला वाहू लागतो त्याला उंबरठा-दाब म्हणतात. दिलेल्या दाबातून उंबरठा-दाब वजा केला, तर जे उरते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात प्रवाह वाहतो.

समजा, उंबरठ्यावर २ व्होल्ट दाब उरत होता. वापराने उंबरठा ०.२ व्होल्टने वर सरकला, तर उरले १.८. वर्गांचे प्रमाण ३.२४ भागिले ४, म्हणजे ०.८१. दाबातील लहानशा बदलाने उजेड १९ टक्क्यांनी घटला. शेजारचा ठिपका तेवढा झिजला नसेल, तर पडद्यावर डाग दिसतो.

यावरील उपाय मोठा उद्बोधक आहे. प्रत्येक पाळीच्या आरंभी परिपथ त्या ट्रान्झिस्टरचा आजचा उंबरठा मोजतो, तो कपॅसिटरमध्ये साठवतो आणि चित्राचा दाब त्यात मिळवूनच देतो. उंबरठा वाढला तेवढीच भर पडते आणि उजेड कायम राहतो. झीज थांबवता येत नाही, पण ती मोजता येते आणि तिची भरपाई करता येते.

७. खानदेशचा उन्हाळा आणि कपॅसिटरचे आयुष्य

आतापर्यंतचे नियम जगात कोठेही लागू पडतात. पण परिपथाचे आयुष्य तो कोठे राबतो यावर ठरते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात टांगलेल्या बंद पेटीत तापमान बाहेरच्या हवेपेक्षा वीस-तीस अंशांनी वाढणे अवघड नाही.

पटलाच्या वीजपुरवठ्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी कमी केले, की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. कपॅसिटरवर ‘१०५ अंश, २००० तास’ असे लिहिलेले असेल, तर तो ६५ अंशांत ३२,००० तास, म्हणजे अखंड चालल्यास सुमारे पावणेचार वर्षे टिकेल. ७५ अंशांत हेच आयुष्य निम्मे होईल. ‘८५ अंश, २००० तास’ लिहिलेला स्वस्त कपॅसिटर ६५ अंशांत अवघे ८,००० तास, म्हणजे अकरा महिने टिकेल.

दुकानदार ‘कपॅसिटर फुगला’ म्हणतो, त्यामागील शास्त्र हे असे आहे. फुगलेला कपॅसिटर दाब सपाट ठेवू शकत नाही, दाबातील लहर चालकापर्यंत पोहोचते आणि पडदा लुकलुकतो. थोड्या किमतीच्या भागासाठी संपूर्ण पाटी भंगारात जाते. म्हणून पेटीला खाली व वर जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात, पेटी भिंतीपासून चार बोटे दूर बसवावी, तिच्यावर पत्र्याची सावली करावी, आणि पुरवठा त्याच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांपेक्षा अधिक राबवू नये. धूळ साचलेली जाळी ही बंद जाळीच होय.

विजेच्या चढउतारांचीही आपल्याला ओळख आहे. एके काळी प्रत्येक टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर असे, कारण दाब उतरला की चित्र आक्रसत असे. आजचे एसएमपीएस बराच चढउतार पचवतात, परंतु वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा झटका त्यांना सोसत नाही. त्यासाठी झटका शोषणारा व्हॅरिस्टर आणि खऱ्या अर्थाने जमिनीपर्यंत पोहोचलेले अर्थिंग, दोन्ही लागतात. अर्थिंग नसेल, तर व्हॅरिस्टरने झटका सोडायचा कोठे?

८. पडदा काळा पडला म्हणजे मेला असे नाही

टीव्हीचा आवाज येतो आणि चित्र दिसत नाही, अशी तक्रार पालकांकडून वारंवार ऐकू येते. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर बॅटरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. फिकट चित्र हलताना दिसले, तर काच आणि तिचा चालक शाबूत आहेत. मागचा दिवा तेवढा गेला आहे. हे दिवे म्हणजे मालिकेत जोडलेल्या एलईडींच्या पट्ट्या असतात. त्यातील एक एलईडी तुटला, की पूर्ण पट्टी विझते आणि चालक स्वतःच्या संरक्षणासाठी पुरवठा बंद करतो. नवा टीव्ही घेण्यापूर्वी पट्टी बदलण्याचा खर्च विचारावा. टीव्ही नवा असतानाच मेनूमधील बॅकलाइट पूर्ण न ठेवता कमी ठेवला, तर या पट्ट्या पुष्कळ अधिक काळ टिकतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. २३० व्होल्ट पुरवठ्यावरील एसएमपीएसच्या मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. विद्यार्थ्यांनी कोणताही टीव्ही किंवा पुरवठा स्वतः उघडू नये. आमच्या प्रयोगांना ५ व्होल्ट पुरेसे आहेत.

जे खरोखर दुरुस्त होणार नाही, ते उकिरड्यावर टाकू नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असे पटल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे गेले पाहिजे.

९. आपण काय करू शकतो?

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी ग्रामपंचायतीत, कोणी दुकानात, कोणी शाळेत नवे पटल बसवण्याच्या कामात असतील. त्यांनी विकत घेताना आकार आणि किंमत यांबरोबर चार प्रश्न अवश्य विचारावेत: चालक स्थिर प्रवाहाचा आहे का, पुरवठ्याची क्षमता गरजेपेक्षा किती अधिक आहे, कपॅसिटर किती अंशांचे आहेत, आणि सुटे भाग मिळतील का. विक्रेत्याला हे प्रश्न विचारणारा ग्राहक भेटला, की मालाचा दर्जा आपोआप सुधारतो.

वजनकाटा, रक्तदाबमापक यांसारखे पुष्कळसे यंत्र सुरू होताच क्षणभर सर्व आठ दाखवते. तो क्षण शोभेचा नसून तपासणीचा आहे. प्रत्येक आठ सातही रेषांनी पूर्ण आहे ना, हे पाहण्याचा हक्क समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला आहे. आपल्या आई-वडिलांना, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही पण आकडे ओळखता येतात त्यांना, ही एक गोष्ट विद्यार्थ्यांनी समजावून सांगितली, तरी या लेखाचे श्रम कारणी लागले असे आम्ही समजू.

वर्गात करण्याजोगा प्रयोगही याच लेखात आहे. एक तांबडा एलईडी, १५० आणि ५० ओहमचे दोन रोध, एक मल्टिमीटर आणि बदलता येणारा कमी दाबाचा पुरवठा एवढ्यावर दुसऱ्या भागातील दोन्ही उदाहरणे पडताळता येतात. मोजलेले आकडे आम्ही दिलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत, हे शोधण्यातच खरे शिक्षण आहे.

समारोप

अमळनेरला उद्योगाचे वळण नवे नाही. याच गावी १९४५ मध्ये वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या क्षेत्रात उतरली आणि जगभर पसरली. तेलाच्या घाण्यापासून संगणकापर्यंतचा तो प्रवास आपल्या मुलांना परका वाटू नये. त्यासाठी त्यांनी पडद्यासमोर बसण्याइतकाच वेळ पडद्यामागे काय चालते ते समजून घेण्यात घालवला पाहिजे.

या अभ्यासातून हाती लागणारे तत्त्व थोडक्यात असे: स्थिर परिपथ तो, ज्याच्याजवळ धक्का सामावण्यास जागा आहे, जो आपले काम स्वतः मोजतो, चूक दिसताच भरपाई करतो, पाळी वेळेवर सोडतो आणि तापू न देता राबवला जातो. यातील एकही गोष्ट महाग नाही. प्रत्येकीला लक्ष मात्र द्यावे लागते.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा दुकानात जे पटल असेल, त्याच्यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी. बसवल्याचा दिनांक, पहिला बिघाड, तेव्हाचा ऋतू, बदललेला भाग आणि झालेला खर्च एवढेच त्यात लिहावे. पाच वर्षांनी अशा दहा वह्या एकत्र आल्या, तर खानदेशच्या उन्हात कोणते पटल किती टिकते, हे आपल्याला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल.